समुद्राचं नाक

त्या यंत्राला सरकारनं ठेवलेलं नाव इतकं लांब होतं की ते मावावं म्हणून पाटी दोनदा बदलावी लागली. शेवटी नाव मावलं, पण ते पुरतं वाचायला थांबलेला माणूस उन्हानं भोवळ येऊन पडेल अशी सोय झाली. विजयदुर्गच्या लोकांनी एका दिवसात त्याचं बारसं उरकलं आणि नाव ठेवलं, नाक. पुढे दिल्लीहून येणारे मोठे अधिकारीही आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्याला नाकच म्हणू लागले.

नाक काय करायचं, हे समजायला अवघड नाही. पाण्यात जे जे जिवंत आहे ते सारखं झडत असतं. माशाचा खवला, शेवाळाचा तुकडा, शिंपल्याच्या अंगचा बुळबुळीतपणा, सगळं पाण्यात सुटतं आणि त्यातल्या पेशींमधला डीएनए काही काळ तसाच तरंगत राहतो. गार आणि अंधाऱ्या पाण्यात तो चांगला दोन-तीन दिवस टिकतो. चमचाभर पाणी गाळलं तर तिथून कोण कोण गेलं ते सांगता येतं. ही विद्या जुनीच. आता पुढची गोष्ट अशी, की बंदरात उभ्या असलेल्या जहाजाच्या बुडाला त्या बंदरातलं जीवन चिकटतं. आधी शेवाळाचा थर, मग त्यात घर करणारे सूक्ष्म किडे, मग शिंपले. रंगात कितीही विष कालवा, कोणी ना कोणी चिकटतोच. हा थर प्रत्येक बंदराचा निराळा. जहाज चालू लागलं की थर झडू लागतो आणि मागे पाण्यात एक लांबलचक रेघ उमटते. पाणबुडीला आपलं इंजिन मुकं करता येतं, पण आपली कातडी झडायची थांबवता येत नाही.

देवगडपासून राजापूरच्या खाडीपर्यंत आणि तिथून पार खोल समुद्रात पिवळ्या पिंपांची एक माळ सोडली होती. प्रत्येक पिंप सतत पाणी गाळायचं, आत बसवलेली बोटाएवढी चकती ते वाचायची, आणि विजयदुर्गजवळच्या गिर्येच्या टेकडीवरच्या केंद्रात, पडद्यावर, कुठून आलेलं कोण कुठे चाललंय त्याची रेघ उमटायची.

हेमांगी मयेकर ही या नाकाची आई. वय पंचावन्न, जन्म मच्छीमारांच्या गाबितवाड्यातला, अभ्यास प्राणिशास्त्राचा. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच तर ती त्याला बार्नेकल नावाच्या जिवाच्या संसाराची शास्त्रीय माहिती द्यायची. ती ऐकून घेतलेला माणूस पुन्हा तो प्रश्न काढत नसे.

नाकाला आणखी एक आई होती, पण तिचं नाव पाटीवर नव्हतं. ती चीनमधल्या शियामेनची शेन युलान. वीस वर्षांपूर्वी कोचीतल्या एका अभ्यासवर्गात दोघी एकाच सूक्ष्मदर्शकासाठी भांडल्या आणि मैत्रिणी झाल्या. युलाननं चीनच्या बंदरांचं पाणी गाळून ते गाळणीचे कागद बाटल्यांतून पाठवायचे, हेमांगीनं इथल्या बंदरांचे. कोणत्या बंदराला कसला वास, याचा संग्रह दोघींनी मिळून जमवला. तेव्हा त्यांच्या डोक्यात पाणबुड्या नव्हत्या. कोणत्या देशाचे किडे जहाजांना चिकटून कोणत्या देशात शिरतात एवढाच विषय होता, आणि त्यासाठी दोन्ही सरकारांनी थोडेथोडे पैसेही दिले होते, कारण दोन्ही सरकारांना तो विषय निरुपयोगी वाटला होता.

युलान विजयदुर्गला दोनदा येऊन गेली. हेमांगीचा धाकटा भाऊ दिगंबर थोरल्या बहिणीला ‘बाय’ म्हणायचा, ते ऐकून युलानही हेमांगीला बाय म्हणू लागली. एकदा दोघी वाघोटण खाडीच्या काठची मराठी आरमाराची जुनी गोदी पाहायला गेल्या. खडक फोडून केलेली ती मोठी गोदी, आत गाळ, कडेला झुडपं, आणि मालकासारख्या फिरणाऱ्या चार शेळ्या. हेमांगीनं सांगितलं की इथं बांधलेलं आरमार एका दुपारी समोरच्या खाडीत जळालं. समुद्राच्या बाजूनं इंग्रज होते आणि जमिनीच्या बाजूनं आपलेच पेशवे.

युलान बराच वेळ शेळ्यांकडे बघत राहिली. मग तिनं आपल्याकडची हकिकत सांगितली. सहाशे वर्षांपूर्वी त्यांच्या बादशहाची जहाजं शेकड्यांनी कालिकतला येत, येताना रेशीम आणत आणि परतताना एकदा तर जिराफ घेऊन गेली. सात सफरी झाल्या आणि दरबाराच्या ध्यानात आलं की समुद्र हा फार खर्चिक छंद आहे. जहाजं जागच्या जागी कुजू दिली, सफरींचे कागद कुठे गेले ते कोणालाच कळलं नाही, आणि पुढे मोठं जहाज बांधणाऱ्याला देहदंड ठरला. मग चारशे वर्षांनी पुन्हा हौस आली. तोफांची पोलादी जहाजं घेतली, पण आरमाराच्या पैशातून राणीसाहेबांच्या बागेची डागडुजी झाली, त्यात तळ्याकाठी एक संगमरवरी नौकाही सजली. जपान्यांशी लढाई झाली तेव्हा खरी जहाजं गेली.

“संगमरवरी अजून आहे,” युलान म्हणाली. “आमच्या त्या आरमारातलं न बुडालेलं तेवढंच.”

पुढचं ती चालता चालता सांगत होती. नवं राज्य आलं तेव्हा आरमाराच्या पहिल्या प्रमुखाला बेटाची पाहणी करायला मासेमाराची होडी भाड्यानं घ्यावी लागली, असं तिकडे सांगतात. त्यानंतर एका माणसाच्या आयुष्यभरात इतकी जहाजं झाली की त्यांना नावं पुरेनात. प्रांतांची नावं संपली, शहरांची संपली, आता तालुक्यांची लावतात. पहिलं विमानवाहू जहाज तर कुणा दुसऱ्या देशानं अर्धवट सोडलेला गंजका सांगाडा होता. तरंगतं जुगारघर करायचंय असं सांगून तो विकत घेतला होता. “जुगार खेळलोच म्हणा,” असं म्हणून ती हसली. आणि हेमांगीच्या गोष्टीकडे परत येत म्हणाली, “तुम्ही शत्रूला हात दिलात. आम्हाला तर शत्रूचीही गरज पडली नाही. मग आपण बहिणीच की, बाय.”

त्यानंतर जग हळूहळू कडक होत गेलं. करड्या रंगाची परकी जहाजं किल्ल्याच्या बुरुजावरून क्षितिजावर दिसू लागली, आधी वर्षातून एकदा, मग महिन्यातून. दोन्ही सरकारांना एकाच सुमाराला कळलं की निरुपयोगी विषय भलताच उपयोगी आहे. मग दोघांनीही आपापल्या बाईला बोलावून, समोरच्या बाईनं तुम्हाला फसवलं, असं समजावलं. पत्रव्यवहारावर बंदी आली. बाटल्यांचा संग्रह तेवढा केंद्राच्या गोठणपेटीत राहिला. त्यावरच्या चिठ्ठ्या युलाननं हौसेनं शिकलेल्या देवनागरीत लिहिल्या होत्या.

त्यातलीच एक बाटली सात नंबरची. दक्षिणेकडच्या एका बेटावरचा उपसागर. त्याच्या एका काठाला मासेमारी धक्का आणि दुसऱ्या काठाला डोंगरात कोरलेले पाणबुड्यांचे बोगदे.

दिवाळी संपून थंडीची चाहूल लागली होती, तेव्हा एका सकाळी सात नंबरची रेघ विजयदुर्गच्या नैऋत्येला, देशाच्या हद्दीच्या रेषेच्या आत उमटली.

त्या भागात चाळीसेक मासेमारी नौका असत. रडारवर दुसरं काही नव्हतं. रेघ त्या नौकांच्या खालून जाई, थांबे, परत फिरे. त्यांच्या इंजिनांच्या गोंगाटाखाली लपून पाणबुडी बसली आहे हे शाळेतल्या पोरालाही सांगता आलं असतं, असं कमांडर उत्पल वानखडे म्हणाले. वानखडे केंद्राचे प्रमुख, मूळचे अमरावतीचे. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आणि तेव्हापासून ते त्याच्याशी अदबीनं वागत, जसं आपण दुसऱ्याच्या घरी वागतो तसं.

नाकाबरोबर एक पाणतीरही तयार झाला होता. तो स्फोटकं घेऊन मुकाट पाण्यात शिरायचा, ठरवून दिलेला वास हुंगत जायचा आणि वास जिथं सर्वांत दाट तिथं फुटायचा. एकदा सोडला की त्याला परत बोलावण्याची सोय नव्हती. परत बोलावायला आवाज करावा लागतो, आणि आवाज न करणं हाच तर त्याचा गुण. तो सोडायला तीन सह्या लागत. दिल्लीची, केंद्रप्रमुखाची आणि शास्त्रज्ञाची. दिल्लीची सही सर्वांत आधी आली. तिथून समुद्र दिसत नाही, त्यामुळे ती नेहमीच लवकर येते. वानखड्यांनी शास्त्रज्ञानंतर सही करायची असा नियम होता. राहिली हेमांगी. तिनं लिहून द्यायचं होतं की हा वास पाणबुडीचाच.

तिला शंका नव्हती. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता. वीस वर्षं लोकांनी जिच्या शिंपल्यांची थट्टा केली, तिच्या एका शब्दावर आज देश खोळंबला होता. जेवून येते आणि सही करते, असं सांगून ती भावाकडे गेली, कारण वहिनीनं सकाळपासून दोनदा निरोप धाडला होता.

दिगंबर घरीच होता. संध्याकाळी समुद्रावर निघायचं म्हणून जेवून आडवा होण्याच्या बेतात होता. वहिनीनं, वैजूनं, शिनाण्यांचं सुकं केलं होतं. शिनाणे म्हणजे खडकाला लागणारे हिरव्या कडेचे शिंपले, हेमांगीचा लहानपणापासूनचा जीव की प्राण. तिनं पहिला घास घेतला, दुसरा शिंपला उचलला आणि तो तसाच बोटांत धरून राहिली.

शिंपल्याची कड हिरवी नव्हती. काळपट होती, आणि तिच्यावर बारीक लव होती.

हा शिंपला तिनं आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला होता. सात नंबरच्या बाटलीबरोबर युलाननं कापसात गुंडाळून पाठवला होता, तिथं.

“हे खंयचे शिनाणे गो?” तिनं विचारलं.

वैजूनं सहज सांगितलं. “नव्या बोटीच्या बुडाचे. तुमच्या भावान काल खरवडून आणल्यान. बरे लागतत मां?”

नवी बोट कसली, हे हेमांगीला ठाऊक नव्हतं. ते आता दिगंबरकडून एकेक शब्द ओढून काढावं लागलं. पावसाळ्याच्या तोंडी एक चिनी मासेमारी जहाज इंजिन बंद पडून किनाऱ्यालगत अडकलं होतं. खलाशी परत गेले, मालकानं हात वर केले, जहाज लिलावात निघालं. दिगंबरनं आणि आणखी तिघांनी मिळून ते दुसऱ्याच्या नावावर घेतलं. चिनी जहाजावर दिव्यांची रोषणाई आयतीच होती. समुद्रात झगझगीत दिवे लावून मासे गोळा करायला सरकारची बंदी, म्हणून बोटीचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद ठेवून हद्दीच्या रेषेजवळ मासेमारी चालली होती. बूड साफ करायला ओढायचं तर खर्च फार, म्हणून हात पोहोचेल तिथले शिंपले काढून खायचे आणि बाकीचे पुढच्या वर्षावर टाकायचे, असं ठरलं होतं. चिनी आरमाराच्या उपसागरातून आलेला वास गाबितवाड्यात कालवणात पडला होता.

“तुका सांगूचा होता,” दिगंबर म्हणाला, “पण तू पडलंस सरकारी.”

आज जाऊ नकोस, एवढंच तिनं सांगितलं. का, हे तिला सांगता येईना. तशी शपथ घेतलेली. कारण न सांगता मच्छीमाराला समुद्रावर जाऊ नको म्हणणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. दिगंबर हसला आणि कुशीवर वळला.

ती ताटातला शिंपला रुमालात बांधून केंद्रावर परतली.

वानखड्यांनी तो टेबलावर ठेवून घेतला. त्याला अजून खोबऱ्याचा मसाला चिकटला होता. तिनं सांगितलं की चूक यंत्राची नाही, तिची आहे. नाक बोट कुठून आली ते सांगतं, बोट कसली आहे ते सांगत नाही. युलाननं पाणी घेतलं होतं ते मासेमारी धक्क्यावरून, कारण पलीकडच्या काठाला जाणाऱ्याला गोळी घालतात. एकाच उपसागरात उभ्या असणाऱ्या दोघांना नाकानं एकच वास दिला. बाकीच्या नौका मागे बोलावल्या तरी ठावठिकाण्याचं यंत्र बंद ठेवलेली ती बोट तिथंच राहील, आणि पाणतीर आज सोडला तर तो ज्या बोटीखाली फुटेल तिच्यावर तिचा भाऊ असेल.

वानखड्यांनी शिंपला बोटानं उलटा केला. मग त्यांनी विचारायचं ते विचारलं. “मॅडम, बोट आहे हे कळलं. पण बोट आहे म्हणून पाणबुडी नाही, असं होतं का?”

होत नाही, असं तिला सांगावं लागलं.

यातून वाट एकच होती. ती बोट पाण्यातून काढायची, आणि मागे वास उरतो का ते बघायचं. त्यासाठी कोणती बोट, कोणाची, हे सांगावं लागणार होतं. हेमांगीनं आपल्या भावाचं नाव स्वतःच्या तोंडानं घेतलं.

तासाभरात मत्स्यखात्याचे लोक धक्क्यावर पोहोचले. बोट जप्त झाली, दिव्यांचे खांब उतरवले, रात्र पडायच्या आत ती खाडीतून वर ओढून चिखलात आडवी केली. दिगंबरला आणि त्याच्या तिघा भागीदारांना पोलीस ठाण्यात बसवून सोडून दिलं. खटला पुढे चालायचा होता. धक्क्यावर जमलेल्या सगळ्या वाड्यासमोर तो एकच वाक्य बोलला, आणि तेही तिच्याकडे न बघता, की माका भैण नाय. वैजूनं त्या दिवसापासून निरोप धाडला नाही.

वास ओसरायला वेळ लागतो, तेवढा वेळ हेमांगी पडद्यासमोर बसून होती. काळपट शिंपल्याचा वास एकेका पिंपावरून पुसला जात होता. दिल्लीहून विचारणा होत होत्या. वाट पाहणं हे काम आहे हे दिल्लीला पटवण्यात वानखड्यांचा सगळा वेळ जात होता.

आणि मग पाणी स्वच्छ झालं, तेव्हा त्या स्वच्छ पाण्यात एक बारीक रेघ राहिली.

त्या रेघेत सात नंबरच्या उपसागरातलं शेवाळ होतं, तिथले किडे होते, पण शिंपला नव्हता. जी बोट धक्क्याला टेकत नाही, डोंगराच्या पोटात अंधारात उभी राहते आणि निघण्याआधी घासूनपुसून काढली जाते, तिला शिंपला लागत नाही. इतके दिवस भावाच्या बोटीच्या वासाखाली ती झाकली गेली होती. ती तिथंच होती, उथळ पाण्यात, मासेमारांच्या खाली, जवळजवळ हलत नव्हती. भावाला वाचवायला म्हणून तिनं वर ओढायला लावलेल्या बोटीनं पाणबुडीला उघडं पाडलं होतं.

तिनं ते लपवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. तिनं ते वानखड्यांना सांगितलं. आहे, खात्री आहे, असं म्हणाली.

पाणतीर संध्याकाळी पाच वाजता सोडायचा ठरला. मासेमारांना आत थांबवायला बंदरावर वादळाचा बावटा चढवला. आभाळ घासलेल्या तांब्यासारखं लख्ख होतं. धक्क्यावरचे लोक एकदा बावट्याकडे आणि एकदा आभाळाकडे बघत होते, आणि सरकारी वादळ बहुधा दुपारच्या टपालानं येणार असेल, असं एकमेकांना सांगत होते.

कागद हेमांगीसमोर होता. तिनं पेन उघडलं. पाणबुडीत पन्नास-साठ माणसं असणार. त्यांच्यात कोणी शियामेनचा असेल, कोणी त्या तालुक्यांपैकी एखाद्यातला, ज्यांची नावं जहाजांना लागतात. परवा याच कागदावर भावासाठी तिचा हात थांबला होता. तेव्हा तिला त्या वासामागचा चेहरा दिसत होता, आज दिसत नव्हता, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक शास्त्रात कुठे बसतो ते तिला सापडेना. ही पाणबुडी बुडाली की उत्तरादाखल काय बुडेल, हा हिशेब तर तिनं करूनच बघितला नाही.

तिनं पेन मिटलं आणि वानखड्यांना गाबितांची एक रीत सांगितली. कोणाचं जाळं पाण्यात असेल आणि दुसरी होडी नकळत त्यावर आली, तर ओरडून उपयोग नसतो, वाऱ्यात आवाज विरतो. मग जाळंवाला आपल्या होडीच्या कुशीवर वल्ह्याच्या दांड्यानं ठोकतो. लाकडाचा ठोका पाण्यातून लांबवर जातो. अर्थ एवढाच, की तू इथं आहेस ते मला ठाऊक आहे, आता बाजूला हो. त्यावर भांडण होत नाही. ऐकणारा मुकाट वळतो. ठोके ऐकूनही जो वळत नाही, त्याच्याशी मग काय करायचं ते वाडा ठरवतो. पण ठोकल्याशिवाय कोणी कोणाचं जाळं कापत नाही.

वानखड्यांनी शांतपणे ऐकलं. असा हुकूम देण्याची तरतूद कुठल्याच नियमात नाही, असं ते म्हणाले. शिवाय आपल्याला पाणबुडीचा वास येतो हे शत्रूला कळवणं, हा गुन्हा आहे. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून गेला होता.

“सही?”

“जेवून येते,” हेमांगी म्हणाली.

“सावकाश जेवा, मॅडम,” वानखडे म्हणाले. “आमच्या अमरावतीकडे जेवताना माणसाला घाई करत नाहीत.”

दिगंबर अंगणात जाळ्याचं भोक सांधत बसला होता. ती समोर उभी राहिली, त्यानं मान वर केली नाही. वैजू आतून दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. हेमांगीनं शपथ मोडली. वास, पाणतीर, पाच वाजताची वेळ, सगळं सांगितलं. त्याच्या बोटीखाली आणखी कोण होतं तेही सांगितलं. तुझं नाव मी का घेतलं ते आता तुला कळलं, पण त्यासाठी मी आले नाही, असं म्हणाली. तिथं जाऊन ठोकायचंय. पाण्यावर आपल्या नौका असतील तोवर ते पाणतीर सोडू शकणार नाहीत. पण सोडतील असंही होऊ शकतं, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

तो सुई चालवत राहिला. भोक पुरतं सांधून होईपर्यंत त्यानं सूत तोडलं नाही. मग उठला, सदरा खांद्यावर टाकला आणि तिच्या बाजूनं निघून गेला. ठोकायला चाललाय की नुसता तिच्यासमोरून उठलाय, ते तिला कळलं नाही. वैजूनं तिला पाणी दिलं.

हेमांगी किल्ल्यावर गेली. पश्चिमेच्या बुरुजावरून तिनं पाहिलं, वादळाच्या बावट्याखालून नौका निघाल्या होत्या. आधी दिगंबरची जुनी लाकडी, मग तिच्या मागून आणखी सहा. ज्यांची बोट तिनं चिखलात आडवी पाडली होती ते तिघे भागीदारही त्यांत होते.

पुढचं तिनं केंद्रातल्या पडद्यावर पाहिलं. सात ठिपके बारीक रेघेवर जाऊन थांबले, त्यांनी इंजिनं बंद केली. दिल्लीचा फोन सारखा वाजत होता. वादळाचा इशारा असूनही काही बेजबाबदार मच्छीमार त्या जागी गेले आहेत, नागरिक आहेत, पाणतीर सोडता येत नाही, असं वानखडे पुन्हा पुन्हा त्याच आवाजात सांगत होते, जसं एखाद्या आजाऱ्याला डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य समजावावं. पाच वाजले. कागदावर सही नव्हती आणि ती मागायची गरजही उरली नव्हती.

अंधारून यायच्या सुमाराला ती बारीक रेघ हलली. आधी दक्षिणेला गेली, मग पश्चिमेला वळली आणि सरळ, घाई न करता, एकेका पिंपाला मागे टाकत हद्दीबाहेर गेली. वानखड्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

चौकशी झाली. ती व्हायचीच होती. वानखड्यांची बदली जिथून समुद्र दिसत नाही अशा ठिकाणी झाली. ती त्यांना शिक्षा वाटली की नाही ते त्यांनी कधी कळू दिलं नाही. हेमांगीनं शपथ मोडल्याचं स्वतःच लिहून दिलं. तिची नोकरी गेली, खटला अजून चालू आहे. नाक दुसऱ्या किनाऱ्यावर हलवलं आणि त्याला शिंपल्याचा फरक शिकवला. हे ज्ञान चिखलातल्या त्या बोटीच्या बुडावरून खरवडून घेतलं. म्हणजे पुढच्या वेळी ते चुकणार नाही, आणि पुढच्या वेळी कोणी ठोकायलाही जाणार नाही. युलान कुठे आहे, तिच्याकडेही एखादं नाक आहे का, आणि असलंच तर ते कोणाच्या नौकांचा वास घेतं, याचा पत्ता हेमांगीला लागला नाही.

दिगंबर तिच्याशी बोलत नव्हता. जप्त बोटीत चार घरांची पुंजी गेली होती, आणि ती कोणी घालवली हे वाडा विसरणार नव्हता. हेमांगीही त्याच्याकडे गेली नाही. माफी मागून उपयोग नव्हता, तशीच वेळ आली तर ती पुन्हा तेच करेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

थंडी सरत आली होती. एका सकाळी ती किल्ल्याखालच्या पुळणीवर बसली होती. दिगंबर समुद्रावरून परतला, होडी वाळूवर घेतली, टोपली खाली ठेवली आणि थोडं अंतर राखून तिच्या बाजूला येऊन बसला. समुद्राकडेच बघत म्हणाला,

“त्या दिवशी आम्ही ठोकून थांबलंव. मगे मी वल्ह्याचो दांडो पाण्यात घातलंय आणि कान लावलंय. मासो ऐकतंव तसो.”

तिनं मान त्याच्याकडे वळवली.

“खालसून कोणीतरी ठोकल्यान,” तो म्हणाला. “तीन वेळा. सावकाश. मगे गेले.”

पाणबुडीत झडपा उघडतात-मिटतात, पोलाद आकसतं, त्याचे तसे आवाज होतात, हे हेमांगीला चांगलं माहीत होतं. तिनं ते सांगितलं नाही. दिगंबरनं टोपलीतून दोन बांगडे काढून तिच्या पुढ्यात ठेवले आणि तो होडीकडे गेला.